अपक्ष व्हावं की थेट पलीकडच्या पक्षात जावं?

अमेरिकी सिनेटरचं पक्षाशी बिनसलं तर दोन वाटा. तिथं आपल्यासारखा पक्षांतरबंदी कायदा नाही, त्यामुळे खुर्ची शाबूत राहते.

आधी पदाचं बघू. २००१ मध्ये सिनेट ५०-५० अडलेली असताना व्हरमाँटचे जिम जेफर्ड्स रिपब्लिकन पक्ष सोडून अपक्ष झाले आणि डेमोक्रॅट्सच्या बाजूला बसले. बहुमत फिरलं, डेमोक्रॅट हॅरी रीड यांनी पर्यावरण समितीचं अध्यक्षपद त्यांच्यासाठी सोडलं. २००२ च्या निवडणुकीनंतर तेही गेलं म्हणा. पेन्सिल्वेनियाचे आर्लेन स्पेक्टर २००९ मध्ये सरळ डेमोक्रॅट झाले, तर समित्यांमधली ज्येष्ठताच गेली.

तिकीट? स्पेक्टर यांना २०१० च्या प्राथमिक फेरीत, म्हणजे पक्षाचा उमेदवार ठरवणाऱ्या मतदानात, जो सेस्टाक यांनी हरवलं. नेते पाठीशी होते, मतदार नव्हते. जेफर्ड्स २००६ मध्ये उभेच राहिले नाहीत.

एका मतावर बहुमत अडलंय, तर अपक्ष व्हावं. जुन्या पक्षाचं तिकीट जाणारच असेल तर पलीकडे जावं, पण तिथला प्रतिस्पर्धी आधी बाजूला झाला असेल तरच.