शिंगं झकास, जाळ्याचा पत्ता नाही : ‘ॲश’चं १:३५० किट

मला तोफांनी भरलेल्या बॅटलशिपपेक्षा बंदरातल्या कामकरी जहाजांची मॉडेलं जोडायला आवडतात. त्यामुळे एका छोट्या उत्पादकानं अमेरिकी नौदलाच्या ‘ॲलो’ वर्गातल्या, शत्रूच्या पाणबुड्या-टॉर्पेडो अडवायला बंदरात पोलादी जाळी टाकणाऱ्या जहाजाचं रेझिन किट काढल्याचं कळलं आणि लगेच मागवलं. खोक्यावर लिहिलंय: ‘ॲश’, पर्ल हार्बर, डिसेंबर १९४१.

सांगाडा उत्तम. प्रिंटच्या रेषा शोधाव्या लागतात, डेकवरचे विंच स्वच्छ उतरलेत. खरं जहाज १६३ फुटांचं, म्हणजे मॉडेल जेमतेम १४ सेंटिमीटर. तीन इंची तोफ बरी आहे, तिच्यावर जास्त बोलायला नको. या जहाजाची ओळख म्हणजे नाळेवरून, म्हणजे पुढच्या टोकावरून, बाहेर आलेली दोन शिंगं. जाळी, साखळ्या, पोलादी बोये (तरंगते पिंप) असा सगळा अवजड पसारा या शिंगांवरून उचलायचा आणि पाण्यात सोडायचा. किटमध्ये ती वेगळी दिलीत, आकार अचूक, पण इतकी बारीक की माझं डावं शिंग पिशवीतच मोडलेलं निघालं. विक्रेत्यानं बदली भाग पाठवला, तोही मोडका. शेवटी पितळी नळी कापून लावली. तुम्ही घेणार असाल तर पहिल्याच दिवशी हे करून टाका.

आता माझा खरा राग. डिकलवर, म्हणजे जहाजावर चिकटवायच्या आकड्यांच्या चित्रपट्टीवर, छापलंय ‘एएन-७’. साफ चूक! १९४१ मध्ये ‘ॲश’चा क्रमांक वायएन-२ होता. या जहाजांना ‘एएन’ हे वर्गीकरण मिळालं २० जानेवारी १९४४ ला. खोक्यावर डिसेंबर १९४१ छापणाऱ्यानं एवढं तरी बघायला हवं होतं. ‘वायएन’ आणि ‘२’ मी जुन्या डिकलमधून जुळवले.

सोबतच्या माहितीपत्रकात तर ‘जाळ्यांनी पर्ल हार्बरचं रक्षण केलं’ असं ठोकून दिलंय. जपानी हल्ल्याच्या दिवशी, ७ डिसेंबरला, ‘ॲश’ तिथे होतं, हे खरं. पण बंदराच्या तोंडावरच्या पाणबुडीरोधक जाळ्याचं फाटक पहाटे ४:५८ ला सुरुंग काढणाऱ्या बोटी आत घेण्यासाठी उघडलं आणि साडेआठनंतरच बंद झालं. तोवर एक जपानी बुटकी पाणबुडी आत शिरली होती, तिला ‘मोनाघन’ या विनाशिकेनं बुडवलं. आणि बॅटलशिपभोवती टॉर्पेडोरोधक जाळी नव्हतीच. अमेरिकी नौदलाचे प्रमुख ॲडमिरल स्टार्क यांनी फेब्रुवारी १९४१ मध्ये पर्ल हार्बरमधल्या ताफ्याचे प्रमुख किमल यांना कळवलं होतं की विमानातून टॉर्पेडो टाकायला किमान ७५ फूट पाणी लागतं असं धरायला हरकत नाही. बंदर होतं सुमारे ४० फूट खोल, म्हणजे टॉर्पेडोची फारशी भीती नाही असा हिशेब. जपान्यांनी टॉर्पेडोला लाकडी पंख लावून तो हिशेबच मोडला. हा दोष जाळी टाकणाऱ्या खलाशांचा नाही, पण पत्रकात त्याचा उल्लेखच नाही.

जाळं कामाला येतं कसं, हे दाखवायचं तर सिडनी घ्या. ३१ मे १९४२ च्या रात्री एक जपानी पाणबुडी अर्धवट बांधलेल्या जाळ्यात अडकली, सुटता येईना म्हणून आतल्या दोघांनी स्फोट घडवून स्वतःसकट ती उडवली. दुसरी मात्र आत गेली आणि तिच्या टॉर्पेडोनं ‘कुट्टाबुल’ या खलाशांच्या निवासी जहाजावरचे २१ जण मेले.

एवढं सगळं असून किटमध्ये जाळंच नाही! नांगर आहे, लाइफबोट आहे, दोन खलाशीही दिलेत, पण ज्यासाठी जहाज बांधलं तेच गायब. मी बारीक तांब्याच्या तारेच्या कड्या एकमेकींत ओवून टॉर्पेडोचं जाळं केलं आणि वर मोहरीएवढे बोये चिकटवले. तीन संध्याकाळी गेल्या, डोळे चुरचुरले, पण आता शिंगांवरून ते लोंबताना बघून कोणीही विचारतं, ‘हे काय आहे?’

पाचपैकी साडेतीन तारे, तेही सांगाड्यासाठी. दुसरं किट मागवलंय. या वर्गाची नावं झाडांची: सँडलवूड, टीक, मँगो. डिकलच्या पानावर ‘एएन-२४’ पण आहे, तो ‘मँगो’चा. तेव्हा या वेळी साल १९४४ आणि आपला आंबा!