हेवी ड्युटी सांगून लाइट ड्युटी पिकअप गळ्यात मारली

जुनी पिकअप घ्यायच्या विचारात असाल तर हे वाचाच. माझे पैसे गेले, तुमचे तरी वाचावेत म्हणून लिहितोय.

मला फरशा वाहायला गाडी हवी होती, एका फेरीला तेराशे किलो. हा आकडा विकणाऱ्याला पहिल्याच भेटीत सांगितला होता. तो म्हणाला, "हेवी ड्युटी आहे साहेब, दीड टन डोळे झाकून टाका." मग मागच्या बंपरवर चढून त्याने दोन-तीन उड्या मारल्या. गाडी जराही बसली नाही. दारावर हेवी ड्युटीचा बिल्ला, टायर जाडजूड, दहा प्लायचे (दहा थरांच्या ताकदीचे). त्या उड्या पाहूनच माझा विश्वास बसला.

दीड महिना गाडी नीट चालली. मग लांब उतारावर ब्रेकचा जळका वास यायला लागला. पाठोपाठ मागच्या उजव्या चाकातून घुमल्यासारखा आवाज, वेग वाढला की तोही वाढायचा. चाक काढलं तर एक्सलचं तेल ओघळून ब्रेकवर आलेलं. मेकॅनिकने चाकाचे नट मोजले आणि म्हणाला, "सहाच आहेत. हेवी ड्युटीला सहसा आठ असतात. तुम्हाला कोणी सांगितलं ही हेवी ड्युटी म्हणून?"

मग त्याने एक्सल दाखवला. खऱ्या हेवी ड्युटी पिकअपमध्ये मागचा एक्सल बहुतेक फुल फ्लोटिंग असतो. गाडीचं आणि मालाचं वजन हब (चाक ज्यावर बसतं तो मधला भाग) आणि एक्सलचं बाहेरचं आवरण पेलतं, आतला शाफ्ट फक्त चाक फिरवतो. हब चाकाच्या मधून बाहेर आलेलं असतं, ते लांबूनही ओळखू येतं. लाइट ड्युटीत सेमी फ्लोटिंग असतो. तिथे वजनही शाफ्टवरच आणि फिरवायचं कामही त्याचंच. शाफ्ट तुटला तर चाकच निखळून जाऊ शकतं. भरल्या गाडीचं चाक निखळलं असतं तर काय झालं असतं, या विचाराने त्या रात्री झोप लागली नाही.

खाली वाकून बघितलं तेव्हा उड्यांचं रहस्य कळलं. मागच्या स्प्रिंगच्या लोखंडी पाट्यांच्या जुडग्यात सगळे पाटे गंजलेले आणि एकच काळाभोर, नव्या बोल्टचा. वरून घातलेला. पाटा वाढवला की गाडी खाली बसत नाही, पण एक्सल, बेअरिंग, ब्रेक आणि चेसिस होते तेच राहतात. जाड टायरचंही तेच.

ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवर कंपनीची पट्टी असते. माझ्या गाडीच्या पट्टीवर रंग मारला होता. नखाने खरवडला, तेव्हा भरलेल्या गाडीचं जास्तीत जास्त वजन ३,१०० किलो निघालं. वजनकाट्यावर गाडी, मी आणि भरलेली टाकी मिळून २,२४० किलो भरले. म्हणजे मालासाठी उरले ८६०. मी दर फेरीला ४४० किलो जास्त भरत होतो.

अमेरिकेत प्रदूषणाच्या नियमांसाठी हलक्या ट्रकची हद्द ८,५०० पौंड, म्हणजे सुमारे ३,८५५ किलो भरलेल्या वजनापर्यंत धरतात. माझी गाडी त्याच्या कितीतरी आत होती. पिकअपला देतात त्या अर्धा टन, पाऊण टन या नावांवरही जाऊ नका. ती जुनी नावं आहेत, आजच्या गाडीची क्षमता त्यांवरून कळत नाही.

विकणाऱ्याकडे गेलो तर त्याने पावती पुढे केली. त्यावर फक्त मॉडेलचं नाव आणि चेसिस नंबर होता, हेवी ड्युटी हा शब्दच नव्हता. तोंडी बोललेलं त्याने साफ नाकारलं. माझ्याकडे ना मेसेज होता, ना साक्षीदार. क्षमता पावतीवर लिहून घेतली असती तर भांडायला काहीतरी हातात राहिलं असतं.

बेअरिंग आणि सील बदलून आता गाडीत सातशे किलोच भरतो. जिथे एक फेरी व्हायची तिथे दोन होतात. तुम्ही गाडी बघायला निघण्याआधी त्या पट्टीचा स्वच्छ फोटो मागा. पट्टी रंगवलेली किंवा काढलेली असेल तर जाऊच नका.