डीप सँड बेड: नायट्रेट उतरलं, पण त्या पट्टीचं काय?

माझ्या खाऱ्या पाण्याच्या फिश टँकच्या तळाला पाच इंच वाळूचा जाड थर आहे, तोच डीप सँड बेड. आधी चांगलं सांगून टाकते, म्हणजे नंतर मनसोक्त कुरकुर करता येईल. नायट्रेट (माशांच्या घाणीतून पाण्यात साठणारं) ४० पीपीएमच्या आसपास ठाण मांडून बसलं होतं, पाणी बदलून बदलून सॉल्ट मिक्स (समुद्राचं पाणी बनवायचं मीठ) संपत होतं, आणि आता टेस्टमध्ये ५ च्या खाली येतंय, तेही माशांच्या खाण्यात हात आखडता न घेता. सॉल्टचा खर्च अर्ध्यावर आला, माझ्यासारख्या चिकट माणसाला अजून काय पाहिजे! फक्त सुरुवातीचे काही महिने आकडा ढिम्म हलत नाही, तेवढा दम धरावा लागतो. खालच्या ऑक्सिजन नसलेल्या थरात नायट्रेट संपवणाऱ्या बॅक्टेरियांचा जम बसेपर्यंत इलाज नाही.

आता ती पट्टी. पाच इंच वाळू म्हणजे समोरच्या काचेवर पाच इंचाची पट्टी, वर हिरवी, मध्ये जांभळट, खाली करडी, तुंबलेल्या गटाराचा काप काढून ठेवल्यासारखी! येणारा प्रत्येकजण कोरल सोडून तिथेच बोट ठेवतो, "हे साफ नाही का करत?" अहो नाही करत, सायफन (घाण ओढायची नळी) खुपसला की थर मोडतात आणि सगळी मेहनत पाण्यात. शेवटी वैतागून बाहेरून काळी टेप मारली.

आणि आठवड्यात काढली पण. कारण इथवर लिहिलं तेव्हा रात्री टॉर्च मारून बघितलं नव्हतं. त्याच पट्टीत किड्यांची बारीक बारीक बोगदे, पांढरे ठिपके सैरावैरा पळतायत, आणि गोठलेले मायसिस (कोळंबीसारखे बारीक जीव, माशांचं खाणं) टाकले की वाळू फुगते, फुटते, आधी नॅसारियसची सोंड आणि मागून अख्खी गोगलगाय. हे टेपमागे झाकायचं? कोपऱ्यातल्या काळ्या डागाने मात्र झोप उडवली होती. तो आयर्न सल्फाइडचा, वाळू उकरली नाही तर तिथेच पडून राहतो. सडक्या अंड्याचा वास आला तर तेव्हा घाबरा.

बाकी किरकोळ. फॉस्फेट याने जात नाही, त्याची सोय वेगळी. वेव्हमेकर (पाणी हलतं ठेवणारा पंप) जरा खाली झुकला की बारीक वाळू उडून कोरलवर. आणि "वाळू साफ ठेवतो" म्हणून सँड सिफ्टिंग स्टारफिश गळ्यात मारतात तो अजिबात घेऊ नका, वाळूतले जीवच खातो आणि ते संपले की स्वतः उपाशी मरतो.

तरी पट्टी डोळ्यात खुपतेच. पुढच्या टँकला डिस्प्लेमध्ये इंचभर वाळू आणि डीप बेड खाली संपमध्ये (टँकखालच्या फिल्टरच्या टाकीत), कोणाला दिसायला नको. हीच काढून तिकडे हलवली असती, पण जुनी वाळू चालत्या टँकमध्ये उपसली तर साठलेली घाण आणि सल्फाइड सगळं एकदम पाण्यात येणार, म्हणून हा टँक आहे तोवर राहू दे. पाहुण्यांना मी आता बाजूच्या काचेकडे बसवते.