ओआरएसची मोठी पुडी घ्यावी की छोटी?

मागच्या जुलैत आमच्या सव्वा वर्षाच्या मुलीला जुलाब लागले. भांडुपच्या घरात तेव्हा एक लिटरची मोठी पुडी होती, दुसऱ्या दिवशी दोनशे मिलीच्या छोट्या पुड्या आणल्या आणि मध्येच कुणीतरी नळीचा तयार पॅकही आणून दिला. तिन्ही वापरून झाल्यावर माझं मत बनलं, ते सांगतो.

औषध म्हणून दोन्ही पुड्यांत फरक नाही. पुडीवर जागतिक आरोग्य संघटनेचं सूत्र आहे एवढं पाहा: लिटरमागे ग्लुकोज १३.५ ग्रॅम, मीठ २.६ ग्रॅम, शिवाय पोटॅशियम आणि सायट्रेट. ग्लुकोजच्या जोडीनं सोडियम आतड्यातून आत शिरतं आणि त्यामागोमाग पाणी, म्हणून हे प्रमाण बिघडून चालत नाही. साखर जास्त झाली तर उलट आतड्यातच पाणी ओढलं जातं आणि जुलाब वाढतात.

माझं बिनसलं ते इथेच. मोठी पुडी फोडली की पूर्ण लिटरभर पाणी करायचं, आणि ते चोवीस तासांत संपवायचं किंवा ओतून द्यायचं. रात्री दोन वाजता लिटरभर उकळून गार केलेलं पाणी आमच्याकडे नव्हतं. मग मी पाव पुडी अंदाजानं पेल्यात टाकली. पाव म्हणजे किती, हे पूड बघून कळत नाही. उरलेली पुडी दुमडून डब्यात ठेवली, तर पावसाळी हवेनं सकाळपर्यंत तिचा खडा झाला होता. आता त्यातून काय मोजणार! त्या पेल्यात मीठ जास्त गेलं असेल का, हा विचार अजून माझा पिच्छा सोडत नाही.

छोट्या पुडीचं तसं नाही. मुलीच्या दुधाच्या बाटलीवर दोनशेची खूण असतेच. तिथपर्यंत पाणी मोजायचं, वाटीत ओतून सगळी पुडी ढवळायची आणि चमच्यानं पाजायचं. हिशेब केला तर छोट्या पुड्या महाग पडतात, हे मान्य. घरात दोन-तीन मुलं एकदम आजारी असतील किंवा मूल मोठं असेल, तर लिटरची पुडीच बरी. पाण्याची लिटरची रिकामी बाटली माप म्हणून हाताशी ठेवा.

तयार पॅक प्रवासात सोयीचा, पण आमची मुलगी नळीनं घटाघट प्यायली आणि लगेच उलटी. दहा मिनिटं थांबून चमचा-चमचा दिलं, तेव्हा पोटात टिकलं. शिवाय पॅकवरची घटकांची यादी वाचून घ्या. सूत्रात न बसणाऱ्या पेयांच्या नावात ओआरएस शब्द वापरायला एफएसएसएआयनं, म्हणजे केंद्राच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणानं, ऑक्टोबर २०२५ मध्ये मनाई केली, म्हणजे तोवर काय काय विकलं जात होतं ते बघा.

दोन वर्षांखालच्या मुलाला दर जुलाबामागे ५० ते १०० मिली द्यायचं, अंगावरचं दूध चालू ठेवायचं. झिंक डॉक्टरांना विचारून चौदा दिवस पूर्ण करा. जुलाब थांबले की आपण तेच आधी बंद करतो. मूल मलूल पडलं, डोळे खोल गेले, लघवी होईना किंवा शौचात रक्त दिसलं, तर पुडीच्या भरवशावर न राहता थेट दवाखाना गाठा.

आमच्या डब्यात आता छोट्या सहा पुड्या असतात, आणि पाऊस सुरू झाला की रात्री झोपण्याआधी तांब्याभर पाणी उकळून झाकून ठेवतो.