रबरी खेळणं की गोठवलेलं फडकं?

कुत्र्याचं पिल्लू चारेक महिन्यांचं झालं की चपला, टेबलाचे पाय, आपली बोटं, काही म्हणता काही त्याच्या चावण्यातून सुटत नाही. २८ दुधाचे दात पडून ४२ पक्के येईपर्यंत हे चालायचंच.

फडकं जवळपास फुकट. ओलं करून पीळ द्या, फ्रीजरमध्ये टाका. ठणकणाऱ्या हिरड्यांना गारव्याने बरं वाटतं. पण बर्फ वितळला की दोरे सुटतात, आणि गिळलेला दोरा आतड्यात अडकू शकतो. म्हणजे समोर बसणं आलं.

रबर टिकतं. पाकिटावर काहीही लिहिलेलं असो, नख दाबून बघा. जरासुद्धा दबलं नाही तर ते दातांना फार कडक.

हिरड्या लाल आहेत आणि तुम्ही शेजारी बसणार आहात, तर फडकं. स्वयंपाक करता करता पिल्लाला गुंतवायचं असेल तर रबरच. तुकडे पडू लागले की मात्र टाकून द्या.