प्रेसमडच्या गॅससाठी अनुदान बरं की व्याजसवलत?

माळशिरसकडच्या एका शेतकरी कंपनीचे अध्यक्ष अडलेत. प्रेसमडपासून, म्हणजे साखर कारखान्यात उसाचा रस गाळून उरणाऱ्या गाळापासून, सीबीजी (दाबाखाली भरलेला शुद्ध बायोगॅस) काढायचाय. अर्ज केंद्राच्या 'कचऱ्यापासून ऊर्जा' योजनेत करावा की कृषी पायाभूत सुविधा निधीत? प्रेसमडचे ढीग उघड्यावर कुजले की मिथेन हवेत जातो, शंभर वर्षांच्या हिशेबात कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे २८ पट घातक. म्हणून हा प्रश्न मला फार महत्त्वाचा वाटतो.

रक्कम पाहिली तर पहिली योजना सरस. २०२१-२२ ते २०२५-२६ च्या टप्प्यात नव्या प्रकल्पाला रोजच्या ४,८०० किलो क्षमतेमागे ४ कोटींचं अनुदान, कमाल १० कोटी. निधीत रोख अनुदान नाही. २ कोटींपर्यंतच्या कर्जावर ७ वर्षं ३ टक्के व्याजसवलत.

पण पैसा हातात कधी पडतो? अनुदान प्रकल्प उभा राहिल्यावरच. २०२५ च्या सुधारित नियमांत निम्मी रक्कम प्रदूषण मंडळाची चालवण्याची संमती मिळाल्यावर, तीही बँक हमीवर. उरलेली ठरलेलं उत्पादन दाखवल्यावर. तोवर सगळा खर्च आपल्याच अंगावर. इथेच छोटी कंपनी बुडते.

कागदपत्रं दोन्हीकडे लागतात. प्रकल्प अहवाल चुकवता येत नाही.

ज्या साखर कारखान्याकडे स्वतःचा प्रेसमड आणि भांडवल आहे, त्याने अनुदानाचा अर्ज करावा. दीड-दोन कोटींच्या कर्जात भागणाऱ्या शेतकरी कंपनीने निधी धरावा. अध्यक्षांना मी तेच सांगितलंय.