अथेन्सचा अगोरा: दगडी गटार की भाजक्या मातीची नळी?

अगोरा म्हणजे प्राचीन ग्रीक शहरातला चौक. त्याच्या निचऱ्याचं मॉडेल करताना दोन्हींपैकी काय दाखवावं, असा पेच पडतो. मुळात दोघांची कामं वेगळी.

अगोराच्या पश्चिम बाजूचं मोठं गटार इ.स.पू. पाचव्या शतकाच्या सुरुवातीचं. रुंदी-खोली साधारण 1-1 मीटर, बाजूंना चुनखडीचे दगड, वर जाड फरश्या. टेकड्यांवरून येणारा पावसाचा लोंढा ते उत्तरेला एरिडानोस ओढ्यात सोडायचं. खर्च आणि मेहनत अफाट. पण गाळ साचला तर फरशी उचलून उपसता येतं. शहर वाढलं तसे त्याला फाटेही जोडले गेले.

नळी स्वस्त, कुंभाराच्या भट्टीतली. चौकाच्या आग्नेय कोपऱ्यातल्या कारंजागृहाला (लोक पाणी भरायचे ती इमारत) पाणी आणणारे तुकडे जेमतेम हातभर लांब. एकाचं निमुळतं तोंड दुसऱ्यात बसवायचं. प्रत्येक तुकड्याच्या वर हात जाईल एवढं झाकणाचं भोक, आतून सांधा लिंपायला. ही बारीक सोय मला फार आवडते! पण जमीन खचली की सांधे निसटतात, आणि लोंढ्यातल्या दगडगोट्यांपुढे नळी तुंबणारच.

उघड्या चौकातलं पावसाचं पाणी दाखवायचं असेल तर दगडी गटारच घ्या. कारंज्याचा स्वच्छ, मोजका प्रवाह दाखवायचा असेल तर नळी.